आत एक वीत पाणी, बाहेर एक वीत माती

२ नोव्हेंबर

आज सकाळी माझी खुर्ची हद्दपार झाली. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, फिर्यादीचा पत्ता नाही. परसात मागच्या भिंतीला पाठ लावून ही वेताची खुर्ची कित्येक वर्षं तपाला बसली होती. तिचा एक पाय आखूड. त्याखाली फरशीचा तुकडा कसा तिरका सरकवला की ती डुगडुगायची थांबते, ही विद्या कोणा गुरूकडून मिळणारी नव्हे. ती मला साधनेने प्राप्त झाली होती. दादाने खुर्ची एका हाताने उचलली, जिन्याखाली ढकलली आणि तो तुकडा चपलेने उडवून लावला.

"पंडित, इथे खड्डा येतोय."

जणू खड्डा म्हणजे कोणी पाहुणा आणि त्याची गाडी स्टेशनात शिरलीय.

दोष माझाच आहे. गेल्या महिन्यात मी आमच्या वर्तमानपत्राला मासे आणि भाजी यांच्या सहजीवनावर एक लेख पाठवला. टाकीत मासे पाळायचे, त्यांचं घाण झालेलं पाणी पंपाने भाजीच्या वाफ्यांत सोडायचं, भाजी त्यातली घाण खाऊन फोफावते, आणि निवळलेलं पाणी उतरून पुन्हा माशांकडे येतं. बातमीदाराने लिहावं, लोकांनी वाचावं आणि कोणी काही करू नये, हा आमच्या धंद्याचा सनातन धर्म. दादाने तो मोडला. लेख वाचून त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "लिहिलंस ना? आता करून बघू."

दादा माझा थोरला भाऊ, माझ्या संस्कृतामुळे मला पंडित म्हणणारा. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता, गेल्या वर्षी निवृत्त झाला. घर एकच, मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली. एकीकडे तो आणि वहिनी, एकीकडे मी आणि ही. परस मात्र आम्ही कधी वाटलं नाही. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं तिथेच उघडतात.

"खणायला माणूस बोलवू या का?" मी विचारलं.

"कशाला? दोघं आहोत ना."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. उद्या कंबर धरली की कोणाला जबाबदार धरायचं ते ठरलेलं बरं.

४ नोव्हेंबर

कंबर धरली.

वरची काळी माती लोण्यासारखी निघाली. मग मुरूम लागला आणि माझं संस्कृत संपलं. दादा काठावर चहा घेऊन उभा, आणि मी खड्ड्यात. दोघं आहोत हे खरं, पण एक भूमीवर आणि एक पाताळात.

"तू पण ये की खाली."

"मला येतं खणायला. तुला शिकायचंय."

"मी शिकून काय करू? पुढच्या आयुष्यात मला अजून किती टाक्या पुरायच्या आहेत?"

त्यावर तो कप खाली ठेवून खड्ड्यात उतरला आणि माझ्या हातातली कुदळ सरळ केली. "मनगटाने नको मारू. खांद्याने."

वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, कधी होणार हो टाकी?"

"झालीच, वहिनी. ताजा पालक तुम्हालाच पहिला."

त्यांना भाजीची इतकी घाई असेल असं मला वाटलं नव्हतं. दिवसातून तीनदा विचारतात. एरवी पालक पानात वाढला तर कडेला सारतात.

६ नोव्हेंबर

टाकी आली. काळी, गोल, दिसायला हत्ती आणि उचलायला उशी. दोघांनी अलगद खड्ड्यात सोडली. झाकण मात्र टाकीवाला विसरला, म्हणाला नंतर आणून देतो. मला वाटलं, संपलं.

दादाने पाणसळ काढली. ती काचेची नळी, आतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. बुडबुडा मधोमध होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"केसभर कललीय," दादा म्हणाला. "काढ."

टाकी काढली, वाळू सारखी केली, टाकी ठेवली. "अजून जरा खोल हवा खड्डा. काढ." काढली. पुन्हा ठेवली. "वाळू कमी पडतेय." संध्याकाळपर्यंत हत्ती चार वेळा स्नानाला उतरला आणि चार वेळा वर आला.

आमच्या शास्त्रात स्थूणानिखनन नावाचा न्याय आहे. खांब रोवताना तो हलवून हलवून पुरतात, म्हणजे पक्का बसतो. वादातलं मतही तसंच हलवून बघावं, असा त्याचा अर्थ. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, तुझ्या संस्कृतातही घाई नको म्हणून लिहिलंय." वहिनी मागे उभ्या होत्या. "घाई नको, पण शेवट तरी हवा ना," असं म्हणून आत गेल्या. नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असावं. मी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या घरगुती भानगडी मी फक्त बातमीसाठी विचारतो.

७ नोव्हेंबर

आज परीक्षा झाली. दादाने पंप माझ्याकडून तीनदा उघडवला, तीनदा जोडवला. वाफ्याकडे जाणाऱ्या पाइपावर पांढऱ्या रंगाने बाण काढला, परतीच्या पाइपावर लाल. मी म्हटलं, बाराखडीही काढ शेजारी.

"पंप बंद पडला तर काय करशील?"

"तुला हाक मारीन."

"आणि मी बाजारात गेलो असलो तर?"

"वाट बघीन."

"पाणी फिरायचं थांबलं तर मासे किती वेळ वाट बघतील, पंडित?"

"तू बाजारात इतका वेळ करणार काय आहेस?"

मग कोपऱ्यातून त्याने आपला मोठा पान्हा आणला. हा पान्हा दादाने कधी कोणाच्या हातात दिलेला नाही. लहानपणी मी त्याला हात लावला म्हणून थप्पड खाल्ली आहे. तेव्हा तो वडिलांचा होता. "हा तुझ्याकडेच राहू दे," म्हणाला.

निवृत्तीने माणूस उदार होतो, एवढाच निष्कर्ष मी काढला. त्याची मोटारसायकलही त्याने परवा विकली. गुडघे दुखतात म्हणतो. खड्ड्यातून बाहेर येताना मात्र तो उडी मारून येतो आणि हात द्यावा लागतो मला.

९ नोव्हेंबर

आज टाकी पुरली. ही क्रिया मला वाटलं होतं त्याहून नाजूक निघाली. टाकीत एक वीत पाणी सोडायचं, मग बाहेरून एक वीत माती भरून चोपायची. पुन्हा आत एक वीत पाणी, बाहेर एक वीत माती. नुसती माती भरली तर टाकी चेपते, नुसतं पाणी भरलं तर फुगते. आतलं आणि बाहेरचं बरोबरीने चढत गेलं पाहिजे. दिवसभर दोघं मुक्याने हेच करत होतो. तो नळीवर, मी फावड्यावर. काय सांगू, फार सुखाचा दिवस गेला.

शेवटी दादाने नियम सांगितला आणि माझ्याकडून म्हणवूनही घेतला. टाकी कधीही रिकामी ठेवायची नाही. "मागे कालवा आहे. कालव्याला पाणी सुटलं की इथली जमीन आतून ओली होते. भरलेली टाकी जागा सोडत नाही. रिकामी टाकी म्हणजे होडी. जमीन फोडून वर येईल."

"मग ते पट्टे?" टाकी खालून आवळून धरायचे दोन रुंद पट्टे आणलेले आहेत, ते खोलीत पडून आहेत.

"राहू देत. टाकी भरलेली असली की पट्टे लागत नाहीत."

दादाने काम अर्धं सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. हा मनुष्य एकदा लग्नाच्या पंगतीतून उठून पंपघराचं बटण बंद केलं की नाही ते बघायला गेला होता. बंदच होतं.

१० नोव्हेंबर

दुपारी टाकीवाला झाकण घेऊन आला. दादा घरात नव्हता.

"उशीर झाला साहेब," तो म्हणाला. "पण दादासाहेब जायच्या आत आणलं की नाही? मला म्हणाले होते, मी जायच्या आत सगळं बसलं पाहिजे, मागाहून माझ्या भावाला त्रास नको."

"कुठे जायच्या आत?"

टाकीवाला झाकण धरून उभा राहिला. मग झाकणाकडे बघत म्हणाला, "मुलीकडे ना? अठराला? मला वाटलं..." आणि झाकण भिंतीला टेकवून निघून गेला.

स्वयंपाकघरात ही भांडी पुसत होती. मी विचारलं, "दादा जाणार आहे?"

हिने फडकं खाली ठेवलं. त्यावरूनच कळलं.

"किती दिवस?"

"कायमचे. तिने त्यांच्यासाठी खोली बांधलीय तिथे."

तिने म्हणजे आमच्या पुतणीने. ती समुद्रापार असते. तिथे जायला एक आख्खा दिवस विमानात बसावं लागतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"टाकीच्या आधीपासून."

"आणि मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं?"

"ठरवलं कोणी नाही हो. दादा म्हणाले, मीच सांगतो त्याला. रोज सांगायला म्हणून मागे जायचे. आणि दोघं चिखलाने भरून परत यायचात."

"तू तरी सांगायचंस!"

"तुम्हाला काही लागलं की तुम्ही एक श्लोक म्हणता आणि पंधरा दिवस कोणाशी बोलत नाही. ते पंधरा दिवस त्यांच्याकडे नव्हते."

कोणाच्या शेळीला जुळं झालं तरी मला संध्याकाळपर्यंत कळतं. घरातली बातमी मला टाकीवाल्याने दिली, तीही मला आधीच मिळाली असेल असं समजून.

आता सगळं ओळीने आठवतंय. पान्हा. बाण. शिकून घे. तुझ्याकडेच राहू दे. मी ज्याला सहजीवन समजत होतो ती आवराआवर होती.

११ नोव्हेंबर

दादा वाफ्यांचे पाइप जोडत बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि प्रवासाला निघणाऱ्याला म्हणतात तसं म्हणालो, "शुभास्ते पन्थानः सन्तु।"

दादाला संस्कृताचा गंध नाही. पण त्याने पाइप खाली ठेवला.

"कोण बोललं?"

"टाकीवाला."

"सांगणार होतो मी."

"कधी? उतरल्यावर पत्र लिहून? पोहोचलो, हवा छान आहे, तुझा दादा?"

"रोज यायचो रे सांगायला. तू विचारायचास, आज काय करायचं? मग मी काय करायचं ते सांगायचो."

"म्हणजे चूक माझी."

"चूक कोणाची म्हणालो का मी?"

"मग ही टाकी काय आहे? रडणाऱ्या पोराच्या हातात दिलेला खुळखुळा?"

"खुळखुळा कसला. चांगली जाड टाकी आहे."

"थट्टा नको, दादा. दोघं आहोत ना, असं म्हणाला होतास तू. मी खणत होतो ते त्या शब्दावर. मला भाजी आवडत नाही. मासे तर मला बघवत नाहीत, सारखे तोंड उघडतात आणि बोलत काहीच नाहीत. तुझ्यासारखे."

दादाच्या तोंडाचा खरंच चंबू झाला होता. तो म्हणाला, "तुला आधी सांगितलं असतं तर उतरला असतास खड्ड्यात?"

"नसतो."

"मग?"

"मग काय?"

"मग हे आठ दिवस कुठून आणले असते?"

काय हा युक्तिवाद! ज्याचा खिसा कापला त्यालाच विचारायचं, पाकीट चांगलं होतं ना?

१२ नोव्हेंबर

परसात गेलो नाही. हिच्याशी बोललो नाही. वहिनींनी दारातून "भावजी" अशी हाक मारली, मी ऐकली नाही. या दोघींसमोर श्लोक मात्र म्हटला नाही. तेवढं समाधान त्यांना मिळू देणार नाही.

१४ नोव्हेंबर

कालव्याला आज पाणी सुटलं. त्याची बातमी करून पाठवली. वाक्यं नेहमीचीच, नुसती तारीख बदलायची. कागदावर ‘पाणी सोडण्यात आले’ लिहिताना दादाचा नियम आठवला, पण टाकी भरलेली आहे आणि दादा इथे आहे. अजून आहे.

संध्याकाळी खिडकीतून पंपाचा आवाज येत होता. बराच वेळ. बसलाय पाणी फिरवत. जाणारा माणूस घराची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघतो, तसं.

१५ नोव्हेंबर

टाकी वर आली.

सकाळी हिने ओरडून बोलावलं. पाहतो तर परसाच्या मधोमध काळा हत्ती कमरेइतका जमिनीबाहेर, एका कुशीवर कललेला. भोवती मातीचा फुगवटा, लाल बाणाचा पाइप वाकडा होऊन आकाशाकडे बोट दाखवतोय. झाकण उडून कोपऱ्यात पडलं होतं. दादा शेजारी उभा. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. पंपाची नळी टाकीतून निघून थेट भिंतीवरून पलीकडच्या ओढ्यात सोडलेली होती. मासे अजून आणलेले नव्हते, एवढंच नशीब.

चार दिवसांचा अबोला होता, पण टाकीने जमीन सोडल्यावर माणसाने तो धरायचा कशाच्या आधारावर?

"आतलं पाणी कुठे गेलं?"

"उपसलं."

"कोणी?"

"मीच. काल तळ धुवायला म्हणून पंप लावला. मग भरायचं राहिलं."

"राहिलं? कालव्याला पाणी सुटलं त्याच दिवशी तुझं भरायचं राहिलं?"

"विसरलो असेन." तो टाकीकडे बघून बोलत होता. "वय झालं."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी टाकी पाहिली, भिंतीवरची नळी पाहिली, दादाची विजार पाहिली आणि मग बराच वेळ दादाला पाहिलं.

"बरं विसरलात," त्या म्हणाल्या.

"हं."

"आता?"

"आता काय. खड्डा पुन्हा उकरायचा, मोठा करायचा. खाली काँक्रीट ओतायचं आणि पट्ट्यांनी टाकी त्याला आवळायची. आधीच करायला हवं होतं."

"काँक्रीटला किती दिवस लागतात?"

"नीट पिकायचं तर महिना. रोज पाणी मारावं लागतं. ह्याच्या भरवशावर नाही व्हायचं ते."

"आणि तिकिटं?"

दादाने मान खाजवली. "बघ बोलून तिच्याशी."

वहिनी हसायला लागल्या. तोंडावर हात धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. एका प्लॅस्टिकच्या टाकीसाठी वहिनींनी इतकं हळवं व्हावं याचं मला नवल वाटलं.

मला मात्र हसू आलं नाही. पंगतीतून उठून बटण बघायला जाणारा माणूस हा! मला त्याने नियम पाठ करायला लावला आणि स्वतः विसरला. याचा अर्थ सरळ आहे. त्याचं मन इथून कधीच निघून गेलंय, देह तेवढा तिकिटाची वाट बघत थांबला होता. जाणार ते लपवलंस, ठीक. निदान आपल्या हातचं काम तरी धड ठेवून जायचंस. घात एकदाच झाला असता तर वेळ वाईट म्हणून मी तो सोडून दिला असता.

हे सगळं मी हिला सांगितलं. पंधरा दिवस न बोलण्याचं व्रत चौथ्याच दिवशी मोडलं, इतका संतापलो होतो. हिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्हाला खरंच कळत नाही?"

"काय?"

"काही नाही. जा, कुदळ घ्या. ते एकटेच खणतायत."

१६ नोव्हेंबर

तिकिटं महिन्यापुढची झाली. पुतणी फोनवर रडली म्हणे, मग बापाशी बोलली आणि हसली.

सकाळी मी मुद्दाम उशिरा मागे गेलो. दादा खड्ड्यात होता आणि शीळ घालत होता. इतका मोठा घोळ करून ठेवल्यावर माणसाने शीळ घालावी? मला बघून म्हणाला, "ये पंडित. आज काय करायचं?"

हा प्रश्न माझा होता.

काठावर माझी खुर्ची ठेवलेली होती, जिन्याखालून काढून, पुसून. बसलो. डुगडुगली नाही. वाकून पाहिलं तर आखूड पायाखाली तो फरशीचा तुकडा, बरोबर तिरका, जसा लागतो तसा. चुकून बसला असेल.

मग मी उतरलो. दुपारपर्यंत दोघं खणत होतो. फार बोललो नाही. मी अजून रागावलेला आहे आणि हे त्याला माहीत असावं अशी माझी इच्छा आहे. त्याने एकदा माझं मनगट धरून सांगितलं, खांद्याने मार. मी खांद्यानेच मारत होतो.

आता लिहायला बसलोय आणि तक्रारी संपल्या आहेत. या खेपेला टाकी हलणार नाही. काँक्रीट पिकेल, पट्टे बसतील, पाणी फिरेल आणि बाण बघून मी पंपही चालवीन. मासे जगतील किंवा मरतील, मला त्यांचं फार नाही. महिन्याने तो जाईल. वहिनींना काळजी आहे की दादाला तिथे करमणार नाही. हिलाही तीच काळजी आहे, टाकीवाल्यालाही असेल.

मला नाही. तो तिथे रमेल, याची मला भीती वाटते.